वायनरीतलं 'टेस्टिंग' म्हणजे नेमकं काय? पाच घोटांत कळते शेतकऱ्याची वर्षभराची बाग

नाशिक : द्राक्षाचा हंगाम जोरात आहे. इकडे बागांमध्ये खुडे चालू आहेत, तर तिकडे शनिवार-रविवारी गंगापूर धरण, दिंडोरी, इगतपुरी भागातल्या वायनऱ्यांकडे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. ही मंडळी तिथं 'टेस्टिंग'ला येतात. गावाकडे या शब्दाबद्दल दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे, 'शहरातल्या लोकांची दारू प्यायची नवी तऱ्हा.' आणि दुसरं, 'तिथं पैसाच पैसा आहे, आपणही वाईनची द्राक्षं लावून टाकू.'

दोन्ही मतं अर्धवट आहेत. टेस्टिंगच्या टेबलावर जे ओततात, ते शेवटी कुणा शेतकऱ्याच्या बागेतून आलेलं असतं. तिथं काय बघतात, काय हुंगतात, कशाला नावं ठेवतात, हे नीट समजून घेतलं तर ही शेती आपल्याला परवडेल की नाही याचाही अंदाज येतो.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीत निफाडकडचे चुलते-पुतणे आले होते. चुलत्यांना घरात सगळे नाना म्हणतात. तीन एकर थॉमसन, पंचवीस वर्षांचा अनुभव. पुतण्याच्या डोक्यात घोळतंय की एक एकर मोडून वाईनची द्राक्षं लावायची. नानांचं म्हणणं एकच, "लावायच्या आधी बघू तर खरं, मालाचं शेवटी होतं काय!"

नाना माळकरी. ग्लासाला तोंड लावायचा प्रश्नच नव्हता. "मी नुसता वास घेतो, चव तू घे," असं ठरवूनच ते टेबलापाशी उभे राहिले. आणि गंमत अशी, की दुपारभरात सगळ्यात नेमकं तेच बोलले.

द्राक्षं गोड, मग साखर गेली कुठं?

पहिला ग्लास आला फिकट पिवळ्या वाईनचा. पुतण्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अरे, ही तर आंबट! आपण तर बावीस-तेवीस ब्रिक्सची द्राक्षं म्हणतो. साखर गेली कुठं?"

टेस्टिंग देणारा पोरगा शेजारच्याच गावचा. तो म्हणाला, "दादा, साखर तर यीस्टनं खाऊन टाकली."

वाईनची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. द्राक्षाच्या रसात यीस्ट म्हणजे किण्व टाकतात. ते साखर खातं आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायूत रूपांतर करतं. वायू उडून जातो, अल्कोहोल रसात राहतं. हिशेब सोपा आहे. ब्रिक्सच्या आकड्याला साधारण ०.५५ ने गुणायचं. २२ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबला की वाईनमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल येतं, २४ ब्रिक्सचा आंबला की १३ टक्क्यांच्या आसपास. म्हणून वायनरीवाले खुड्याआधी रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागेत चकरा मारतात.

साखर सगळी संपली की त्या वाईनला 'ड्राय' म्हणतात. ड्राय म्हणजे सुकी नव्हे, गोडवा नसलेली. आंबवणं मध्येच थांबवलं किंवा द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर खूप वाढवली, तर गोड वाईन मिळते. 'लेट हार्वेस्ट' असं लेबलवर लिहिलेलं असतं ती हीच. टेस्टिंगमध्ये ती सगळ्यात शेवटी देतात, कारण आधी गोड प्यायलं तर पुढची प्रत्येक वाईन आंबटच लागणार.

एकूण क्रम असा असतो : आधी फसफसणारी म्हणजे स्पार्कलिंग, मग पांढरी, मग गुलाबी म्हणजे रोझे, त्यानंतर लाल आणि शेवटी गोड. हलक्याकडून जडाकडे जायचं, एवढंच सूत्र.

आधी बघायचं, मग हुंगायचं, घोट सगळ्यात शेवटी

ग्लासात एका वेळी साधारण ३० ते ५० मिली ओततात. ग्लास मोठा आणि वाईन तळाशी, हे पाहून पुतण्याला वाटलं कंजुषी करतायत. पण मोकळी जागा मुद्दाम ठेवतात, वास साठायला. ग्लास खालच्या दांड्याला धरायचा, म्हणजे हाताची ऊब वाईनला लागत नाही. पांढरी वाईन साधारण ८ ते १२ अंशांवर देतात, लाल १६ ते १८ अंशांवर.

पहिलं काम बघण्याचं. पांढऱ्या कागदासमोर ग्लास तिरका धरून रंग बघतात. गढूळ आहे का, स्वच्छ आहे का. पांढरी वाईन तपकिरी दिसायला लागली की समजायचं, हवा लागून म्हातारी झाली. कापलेलं सफरचंद काळं पडतं ना, त्यातलाच प्रकार.

मग ग्लास गोल फिरवून नाक आत घालायचं. आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा भाग खरं तर वासच असतो. सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागतं ते यामुळेच.

शेवटी छोटा घोट. तो लगेच गिळायचा नाही, तोंडात सगळीकडे फिरवायचा. बाजूला एक भांडं ठेवलेलं असतं, थुंकायचं. रोज वीस-तीस वाईन तपासणारी माणसं गिळत बसत नाहीत, तपासून थुंकतात. पाहुण्यांना थुंकायची लाज वाटते, पण ज्याला शुद्धीत राहून चव समजून घ्यायची आहे त्यानं खुशाल थुंकावं.

ग्लासातला वास बागेतून येतो

दुसरा ग्लास सोव्हिन्यो ब्लाँचा. नानांनी नाक लावलं आणि म्हणाले, "ही तर ढोबळी मिरची!" टेबलावरची पाहुणे मंडळी हसली, पण पोरगा हसला नाही. "नाना, बरोबर ओळखलंत."

सोव्हिन्यो ब्लाँ आणि कॅबर्ने सोव्हिन्यो या जातींच्या द्राक्षात ढोबळी मिरचीसारख्या वासाचं द्रव्य मुळातच असतं. थोडं असलं तर पांढऱ्या वाईनमध्ये ते आवडतं. पण कॅनोपी दाट ठेवली, घडावर ऊन पडलं नाही किंवा माल कच्चा खुडला, तर हा वास जास्त येतो आणि लाल वाईनमध्ये तो दोष धरतात. म्हणजे पानं विरळायची राहिली, हे वाईन बनवणारा माणूस पुढच्या वर्षीसुद्धा ग्लासात नाक घालून सांगू शकतो.

दुसरं उदाहरण गंधकाचं. भुरीसाठी आपण गंधक मारतो. खुड्याच्या तोंडावर मारलं आणि ते मण्यांवर राहिलं, तर आंबवताना यीस्ट त्यापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतं. वाईनला सडक्या अंड्याचा वास येतो. टाकीभर माल अडचणीत. म्हणून कोणती फवारणी खुड्याच्या किती दिवस आधी बंद करायची, याबाबत वायनऱ्या कडक असतात.

तिसरं, पाणी. वजन वाढावं म्हणून खुड्याआधी ठिबक जोरात सोडलं, तर मणी फुगतो आणि रस पातळ होतो. खायच्या द्राक्षात मोठा मणी म्हणजे जादा पैसे. वाईनमध्ये मोठा मणी म्हणजे पाणचट वाईन.

चौथं, ऊन. आपल्याकडे थंडीत दिवसा ऊन आणि रात्री गारठा असतो. त्यामुळे साखर चढते आणि आंबटपणाही टिकून राहतो. मार्चच्या उन्हात मात्र आंबटपणा झपाट्यानं उतरतो. तो गेला की वाईन मिळमिळीत लागते, मीठ विसरलेल्या आमटीसारखी. म्हणून वाईनची द्राक्षं पहाटेच्या गारव्यात खुडतात आणि माल तापायच्या आत वायनरीत पोचवतात.

तुरटपणा कशाचा?

लाल शिराझचा घोट घेतल्यावर पुतण्या म्हणाला, "जांभळं खाल्ल्यासारखं तोंड झालं." हे अगदी बरोबर वर्णन. जांभूळ, कच्चं केळं, कोरा चहा यांच्यात जे असतं तेच हे, टॅनिन. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत ते असतं.

पांढरी आणि लाल वाईन यांतला मुख्य फरक हाच. पांढरीसाठी द्राक्षं दाबून रस लगेच वेगळा काढतात आणि थंड टाकीत आंबवतात. लालसाठी काळी द्राक्षं सालीसकट आंबवतात, म्हणून रंगही उतरतो आणि तुरटपणाही. काळ्या द्राक्षाचा गरसुद्धा बहुतेक जातींत पांढराच असतो, रंग सगळा सालीत. काही लाल वाईन पुढं ओक लाकडाच्या पिंपात ठेवतात. एका पिंपात साधारण २२५ लिटर मावते. लाकडामुळे व्हॅनिला, भाजलेल्या मसाल्यासारखा वास येतो आणि तुरटपणा मऊ होतो.

खायची द्राक्षं वेगळी, वाईनची वेगळी

नानांनी टेस्टिंग रूमच्या खिडकीतून बाग बघितली आणि म्हणाले, "मांडव कुठाय?" मांडव नव्हताच. वाईनच्या वेली बहुतेक ठिकाणी तारेवर उभ्या भिंतीसारख्या वाढवतात. घड खाली एका रेषेत, वर पानं.

फरक अनेक आहेत. थॉमसन, सोनाका या बिनबियांच्या जाती. मणी लांब आणि मोठा व्हावा म्हणून जीएचे डिप, विरळणी, प्रत्येक घडाला हात. वाईनच्या जातींचा मणी बारीक, साल जाड, आत बी. त्यांना मणी फुगवायला जीए देत नाहीत, कारण बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त आणि रंग-वास सालीतच. त्यामुळे मजुरी आणि औषधांचा खर्च कमी येतो. दिसायला घड कसाही असला तरी चालतो.

पण उत्पादनही कमी. खायच्या द्राक्षाचं एकरी आठ-दहा टन किंवा जास्तही काढणारे शेतकरी आहेत. वाईनच्या द्राक्षाचं साधारण चार ते सहा टन धरतात. त्याहून जास्त माल वेलीवर ठेवला तर साखर चढत नाही. एक बाटली म्हणजे ७५० मिली. तिला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात.

छाटण्या मात्र तशाच. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. डाऊनी, भुरी, अवकाळी, गारपीट यातून सुटका कुणालाच नाही.

खरी गोम : गिऱ्हाईक एकच

इथंच नानांनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी ते आले होते. "कंपनीनं माल नाही उचलला, तर हा माल मी कुठं नेऊ?"

टेस्टिंग देणारा पोरगा गप्प झाला. कारण प्रश्न त्याच्या हातातला नव्हता.

थॉमसनला पर्याय असतात. निर्यातीला नाही गेला तर देशातल्या बाजारात, तिथं पडला तर बेदाणा. वाईनच्या द्राक्षाला बी आहे, साल जाड आहे, मणी बारीक आहे. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही आणि चांगला बेदाणाही होत नाही. पिकल्यावर थोड्याच दिवसांत तो वायनरीत गेला पाहिजे. म्हणजे खर्च कमी, मेहनत कमी, पण दोरी दुसऱ्याच्या हातात.

ही नुसती भीती नाही, जिल्ह्यानं हे अनुभवलेलं आहे. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, करात सवलती दिल्या. निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क उभे राहिले. त्याआधीच सुला कंपनीची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली होती. २००५ मध्ये त्यांनी गंगापूर धरणाजवळ सुरू केलेली टेस्टिंग रूम देशातली पहिली म्हणून ओळखली जाते. एकामागून एक वायनऱ्या निघाल्या, शेतकऱ्यांनी वाईनच्या जाती लावल्या.

मग २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. हॉटेल आणि पर्यटन थंडावलं. वाईनचा खप घटला, टाक्या भरलेल्याच राहिल्या. पुढच्या हंगामांत अनेक शेतकऱ्यांचा माल उचलला गेला नाही, काहींचे पैसे अडकले. पुष्कळांनी चांगल्या वेली तोडल्या आणि पुन्हा खायच्या द्राक्षाकडे वळले.

त्यानंतर बाजार सावरला. टेस्टिंग आणि पर्यटनाचा त्यात मोठा वाटा आहे. वायनरीत येऊन चव घेतलेला माणूस जाताना बाटल्या घेऊन जातो, पुढं दुकानात तेच नाव मागतो. म्हणून शनिवारची ती गर्दी शेतकऱ्याच्या दृष्टीनेही बिनकामाची नाही. टेस्टिंग रूम ओस पडली, तर त्याचा फटका फिरून बागेपर्यंत येतो.

करार करण्याआधी हे विचारा

वाईनची द्राक्षं लावायची तर आधी करार, मग लावण. उलटं करू नये. करारावर सही करण्याआधी या गोष्टी लेखी स्वरूपात असल्याची खात्री करावी :

१. दर कसा ठरणार? किमान दर किती आणि ब्रिक्स कमी-जास्त झाल्यास दर किती बदलणार?

२. ब्रिक्स कोण, कुठं आणि कुणासमोर मोजणार? आपला स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर असणं कधीही चांगलं.

३. खुड्याची तारीख कोण ठरवणार? कंपनीनं उशीर केला आणि मधल्या काळात पाऊस झाला, तर नुकसान कुणाचं?

४. करार किती वर्षांचा? वेल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धरते आणि पुढं पंधरा-वीस वर्षं चालते. करार तीनच वर्षांचा असेल तर पुढचं काय?

५. पैसे किती दिवसांत मिळणार? हप्ते असतील तर तारखांसकट.

६. जात कंपनी ठरवणार असेल, तर पुढं तीच जात नको म्हटल्यास काय?

७. रोपं, तार, खांब यांना मदत मिळते का आणि ती मालाच्या पैशातून कापणार का?

याशिवाय ज्या शेतकऱ्यांनी त्याच कंपनीला पाच-सात वर्षं माल दिला आहे, अशा किमान दोघांना भेटावं. मंदीच्या वर्षात कंपनी कशी वागली, हे कागदावर नसतं, शेजारच्या बागेत कळतं.

वाईन म्हणजे दारू की नाही?

२०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नाही' असं एक बाजू म्हणत होती, दुसरी बाजू रस्त्यावर उतरली. विरोधानंतर तो निर्णय अमलात आला नाही. वाद आजही गावोगाव आहे.

मत काहीही असो, हिशेब स्वच्छ आहे. टेस्टिंगमध्ये ४० मिलीचे पाच ग्लास प्यायले, तर २०० मिली वाईन पोटात जाते. १३ टक्क्यांनी त्यात २६ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ३० मिलीचे दोन पेग घेतले तरी जवळपास तेवढंच होतं. द्राक्षापासून झाली म्हणून नशा कमी होत नाही. लहान मुलं आणि गरोदर महिलांनी चवीपुरतीही घेऊ नये. पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. टेस्टिंगला जाणाऱ्यांनी न पिणारा एक माणूस बरोबर ठेवावा, हे उत्तम.

साडेपाचच्या सुमारास चुलते-पुतणे बाहेर पडले. पुतण्यानं सवयीनं मोटारसायकलची चावी काढली. नानांनी हात पुढं केला. "आण इकडं. वास घेणाऱ्यानं गाडी चालवायची."

गेटाबाहेर मजुरांचं टेम्पोत चढणं चालू होतं, रिकाम्या क्रेटच्या थप्प्या लागल्या होत्या. नानांनी गाडी सुरू करायच्या आधी एकदा मागं वळून बागेकडे पाहिलं. म्हणाले, "बाग चांगली आहे. एक एकर नको, आधी अर्धा एकर बघू. पण करार मी वाचल्याशिवाय सही नाही."